छत बंद झाले की ड्रायरचा पाईप दिसत नाही

कपडे वाळवण्याचा ड्रायर घेऊन त्याची गरम हवा पाईपने बाहेर काढण्याचे काम जे कोणी करून घेणार असतील त्यांनी आमच्या बाबतीत घडलेला प्रकार वाचावा, कारण यातली लबाडी छत बंद झाल्यावर दिसत नाही आणि पैसे मात्र तोवर चुकते झालेले असतात.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दोरीवरच्या कपड्यांचा कुबट वास जात नाही, म्हणून आम्ही हवा बाहेर फेकणारा ड्रायर घेतला. (कपड्यांतली वाफ यंत्रातच थंड करून तिचे पाणी करणाऱ्या कंडेन्सर किंवा हीट पंप प्रकारच्या ड्रायरला असा पाईप लागत नाही.) पाईप पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमधून बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायचा होता. ओळखीतून आलेल्या फिटरने अंदाजपत्रकात ‘४ इंची पत्र्याचा कडक पाईप, बाहेर झडपेसह’ असे लिहून दिले, दर फुटावर लावला आणि आम्ही कामावर गेलेलो असताना सगळे उरकले. यंत्रामागे पत्र्याचा पाईप दिसत होता आणि भिंतीबाहेर झडपही होती, तेव्हा संशय घ्यायला जागा नव्हती.

पुढे कपडे वाळायला दुप्पट वेळ लागू लागला, यंत्र हात ठेववणार नाही इतके तापू लागले आणि पॅसेजच्या छतावर पिवळे डाग उमटले. फिटरचे उत्तर असे की, “साहेब, पावसाची ओल हाय ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, मीच करून देतो.” आमच्या डोक्यावर गच्ची नसून दुसरे बिऱ्हाड आहे, हे तो विसरला असावा.

शेवटी उद्यमनगरातील पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला बोलावून छताचा भाग उघडला. यंत्रामागचा पत्रा हातभर वर जाऊन संपत होता. पुढे तारेच्या कड्यांवर चढवलेली पातळ प्लास्टिकची नळी होती, जी जागोजागी लोंबून तिच्या पोटात पाणी साठले होते आणि जिचे टोक भिंतीपर्यंत पोहोचतच नव्हते. झडपेमागे तर भिंतीला आरपार भोकही पाडलेले नव्हते. सारी दमट हवा छतातच सुटत होती आणि वायरिंगवर कपड्यांच्या तंतूंचा बोटभर जाड, राखाडी थर ओल्या गोधडीसारखा बसला होता.

हे तंतू सुकले की चटकन पेट घेतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळावर आधारित अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आगी लागल्या आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण साफसफाई न करणे हे होते. लवचिक नळीच्या वळ्यांत तंतू अडकतात आणि हवा तुंबते, म्हणून आतून गुळगुळीत असा धातूचा पाईपच हवा. तिथल्या निवासी बांधकाम संहितेत त्याची कमाल लांबी साधारण ३५ फूट धरतात आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून ५ फूट वजा करतात.

नव्या कारागिराने जोड स्क्रूने न आवळता अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केले, कारण आत आलेल्या स्क्रूच्या टोकांवर तंतू साठतात. आम्ही पक्ष्यांसाठी बाहेर जाळी मागितली, तर त्यांनी तीही नाकारली. जाळी काही महिन्यांत तंतूंनी बुजते, त्यापेक्षा आपोआप मिटणारी झडप बरी, असे त्यांचे म्हणणे पडले आणि ते योग्यच आहे.

असे काम करून घेताना छत बंद होण्यापूर्वी संपूर्ण पाईपचे फोटो काढावेत आणि ड्रायर चालू करून बाहेरच्या झडपेसमोर हात धरावा. झडप उचलली जाऊन गरम हवा जोराने हाताला लागली, तरच शेवटचा हप्ता द्यावा. एवढे करूनही कोणी फसलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. आमच्याकडे अंदाजपत्रक, पावती आणि उघड्या छताचे फोटो आहेत. फोटो पुसून टाकल्यास निम्मे पैसे परत देण्याची फिटरची तयारी होती; ती आम्ही मान्य केलेली नाही आणि तक्रारीचे कागद तयार केले आहेत.