शंकरपटासाठी जुनी लेन्स घेतली आणि ८,५०० रुपयांना फसलो

लिहायला लाज वाटते, पण ही लेन्स विकणाऱ्या माणसाच्या तावडीत आणखी कोणी सापडू नये म्हणून लिहितो. मी भिवापूर तालुक्यातला. साक्षगंध, लग्नं, बारशांचे फोटो काढून घर चालवतो. जानेवारीत शेजारच्या गावच्या शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, काम मिळालं, ७,००० रुपयांचं. जोडी सुटली की जवळ उभं राहता येत नाही, लांबची लेन्स लागतेच. मिरचीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले, नवी घ्यायची ऐपत नव्हती. माझ्या जागी कोणीही जुनीच शोधली असती.

जाहिरातीत कॅननची ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स, स्टॅबिलायझरवाली (हात हलला तरी फोटो हलू न देणारी), ८,५०० ला. निळ्या चादरीवर ठेवलेला फोटो, बाजूचं स्टॅबिलायझरचं बटण स्पष्ट दिसत होतं. ५०० रुपये फोनवरून आधी पाठवले, ८,००० रोख द्यायचे ठरले. भेट नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर, संध्याकाळी साडेसहाला. "ड्युटी सुटल्यावरच येता येते भाऊ," म्हणाला. समोरचा दिवसा उजेडी भेटायला टाळत असेल, तर तिथंच सोडून द्या.

आणि ती टेप! लेन्सच्या नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. "खाली धरली का झूम आपोआप सरकते, म्हणून लावली." जुन्या झूममध्ये असं होतं हे मला माहीत आहे, म्हणूनच पटलं. माझं बोट त्या टेपवरून फिरलं. बाजूला बटण लागलं नाही. लागलं नाही हे मला कळलंसुद्धा! पण भिवापूरची गाडी लागली होती, तो घाई करत होता, आणि मी पैसे मोजून दिले. ते बोट अजून आठवतं आणि झोप उडते.

घरी टेप काढली. खाली नाव निघालं ७५-३००. वेगळी लेन्स, स्टॅबिलायझर नाहीच. दोन्हींच्या तोंडाचं, म्हणजे फिल्टरचं, माप ५८ मिलिमीटर, म्हणून झाकणही बरोबर बसलं होतं. मागून मोबाईलचा टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. टॉर्च बसस्थानकावर माझ्या खिशातच होता.

पट दोन दिवसांवर, दुसरी लेन्स कुठून आणू? तीच नेली. शटर १/१००० ठेवलं, त्यामुळे धावत्या बैलांना स्टॅबिलायझर नसल्याचा फार फरक पडला नाही. घात बुरशीनं केला. समोरून ऊन आलं की सगळं दुधाळ. ३४० फोटो. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, एडिटिंगला जास्त वाव देणारी) काढले होते म्हणून तेवढं तरी हाती लागलं. तीन रात्री बसलो. डीहेझ (धूसरपणा कमी करायची सोय) वाढवलं की आभाळ मळकट व्हायचं, शार्पनेस वाढवला की धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) चेहऱ्यावर दाणे, पांढऱ्या बैलांच्या शिंगांना जांभळी कड. कड घालवता येते, धूसरपणा थोडा कमी होतो, पण जो तपशील काचेतून आत आलाच नाही तो एडिटिंगमध्ये कुठून आणणार? काही फोटो कृष्णधवल करून वाचवले. एकूण ४२ देण्यालायक झाले. मंडळानं ३,००० हातावर ठेवले आणि पुढच्या वर्षी दुसरा बघतो म्हणाले.

नागपुरात सीताबर्डीला दुरुस्तीवाल्यानं लेन्स उघडून बघायचेच ३०० घेतले. बुरशीनं काचेवरचा लेप खाल्लाय, साफ केली तरी डाग राहतील म्हणाला. म्हणजे लेन्सचे ८,५००, पटाचे बुडालेले ४,००० आणि हे ३०० मिळून १२,८०० गेले, गाडीभाडं वेगळं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. मग पोलीस स्टेशनला तीन चकरा. पहिल्यांदा "बिल आणा". जुन्या वस्तूचं बिल कोण देतं? दुसऱ्यांदा "वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला". दाखवली एक, दिली दुसरी, त्यात टेप लावून नाव झाकलं, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मीच मोबाईलवर उघडून दाखवलं. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. अर्जाची पोच मागितली तर "ठेवून जा". पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, शिक्का मारून मागा. हक्काची गोष्ट मागायला गेलो आणि चोर असल्यासारखा बाकावर दोन तास बसून आलो. मोबाईल नंबर, पैसे गेल्याची नोंद, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळं हातात होतं.

ती लेन्स बॅगेत ठेवत नाही, बुरशी बाकीच्यांना लागायला नको. सोमवारी जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, चादर तीच निळी, किंमत ९,०००. स्क्रीनशॉट काढून स्टेशनला पाठवला. अजून उत्तर नाही.