टाचणासाठी तयार साहित्य: ग्रुपवरची पीडीएफ, दीक्षा की स्टोरीवीव्हर?

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाचणाच्या, म्हणजे पाठ कसा शिकवायचा याच्या लेखी आराखड्याच्या, पीडीएफ फिरू लागतात. ठाणे-नवी मुंबईत नव्याने रुजू झालेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: हे घ्यावं, की शालेय साहित्याचं सरकारी दीक्षा ॲप उघडावं, की आणखी कुठे शोधावं? घेण्यात कमीपणा मुळीच नाही. एकहाती सगळे विषय शिकवणाऱ्याने प्रत्येक पाठ कोऱ्या पानापासून रचायचा, तर मुलांकडे बघायला वेळ कधी मिळणार? फक्त घेताना एक बघा, ते आपल्या वर्गापुरतं बदलता येतं का.

पीडीएफचा मोठा फायदा म्हणजे घटक, अध्ययन निष्पत्ती (मुलांना पाठानंतर काय यायला हवं), शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असे सगळे रकाने भरलेले मिळतात. वही तपासणीला लगेच तयार. पण ते रकाने भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचं गाव असतं. चौथीच्या परिसर अभ्यासातला पाण्याचा घटक घ्या. ‘मुलांना गावातील विहीर दाखवणे’ ही ओळ कोपरखैरणेत काय कामाची? इथल्या नळाला पाणी येतं ते खालापूरजवळच्या मोरबे धरणाचं, आणि ते धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. ती ओळ खोडून लिहा: ‘घरी पाणी किती वाजता येतं, कशात साठवतात, टाकी कोण धुतं, हे विचारून येणे.’ दुसऱ्या दिवशी बैठ्या घरातलं मूल आणि टॉवरमधलं मूल अगदी वेगळी उत्तरं आणतात, आणि पाठ तिथून आपोआप पुढे सरकतो. ठाण्यात नौपाड्यातल्या शाळेने त्याच ओळीत मासुंदा तलाव घालावा, तो हाकेच्या अंतरावर आहे.

अडचण अशी की बहुतेक पीडीएफ स्कॅन केलेल्या असतात. वर्ड फाईल मिळाली तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर आपल्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात. म्हणून मागतानाच ‘युनिकोडमधली (कुठल्याही संगणकावर नीट दिसणारी) वर्ड फाईल आहे का’ असं विचारा.

दीक्षा 2017 साली सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य समोर येतं. शोधाशोध नाही, आणि आधी डाउनलोड करून ठेवलं तर वर्गात नेट नसलं तरी चालतं. पृथ्वीचं परिभ्रमण, शरीराच्या आतले अवयव अशा वर्गात दाखवता न येणाऱ्या गोष्टींसाठी मी आधी दीक्षाच बघेन. व्हिडिओ काही बदलता येत नाही, पण मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारता येतं. सलग लावून ठेवू नका.

बदलण्याची खरी मोकळीक स्टोरीवीव्हरवर आहे. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या मुलांच्या गोष्टींच्या या ऑनलाइन संग्रहातल्या गोष्टी सीसी-बाय या खुल्या परवान्याखाली आहेत. अनुवाद करा, वाक्यं सोपी करा, छापून वाटा, फक्त श्रेय द्या. गोष्टी चार वाचन-पातळ्यांत लावलेल्या आहेत. तुर्भे-दिघ्यासारख्या वस्त्यांत घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलं मराठी वर्गात असतात. तिथे एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी शेजारी ठेवता येणं ही फार मोठी सोय आहे. उणीव म्हणजे कुठल्या पाठाला कुठली गोष्ट जुळते हे शिक्षकालाच शोधावं लागतं. अनुवादही सगळे सारखे उतरलेले नाहीत, तेव्हा मुलांसमोर नेण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघा.

पहिली ते तिसरीच्या भाषेसाठी स्टोरीवीव्हर, वरच्या वर्गांच्या विज्ञान-भूगोलासाठी दीक्षा, आणि ग्रुपवरची पीडीएफ रकान्यांचा सांगाडा आणि वार्षिक नियोजन यांपुरती, अशी विभागणी मी सुचवेन. गोष्टीवरून कार्यपत्रिका केलीत, तर खाली मूळ लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावं, परवाना आणि ‘काही बदल केले आहेत’ एवढं जरूर लिहा. पुढे ती दुसऱ्या शाळेत गेली, तरी मूळ गोष्ट कुठे शोधायची हे तिथल्या बाईंना कळेल.