पत्त्यांच्या बैठकीला काय: दडपे पोहे की तळलेले गरे?

मेंढीकोटाचा डाव रंगला की एक हात पानांत अडकलेला असतो. म्हणून खाणं निवडताना चवीआधी बोटांचा विचार करावा.

दडपे पोहे सहा जणांना पाव किलो पातळ पोह्यांचे पुरतात. त्यात एका नारळाचा चव, दोन बारीक चिरलेले कांदे, मिरची, कोथिंबीर, लिंबू, चिमूटभर साखर. नारळाचं पाणी फक्त शिंपडायचं; ओतलंत तर गोळा होतो. मग झाकण ठेवून वर वजन, वीस मिनिटं. मीठ मात्र दडपण्याआधीच घाला, कारण त्याने कांद्याला पाणी सुटतं आणि त्या ओलाव्यात पोहे मऊ होतात. हिंग-मोहरी-शेंगदाण्याची फोडणी थोडी निववून ओतावी. पोह्याचा पापड वाढतानाच चुरावा. वाटी-चमचा दिला की पानं स्वच्छ राहतात. पण पोहे तास-दीड तासात संपायला हवेत, कारण ओलं खोबरं उकाड्यात टिकत नाही.

गऱ्यांना वेळेचं बंधन नाही. जून पण न पिकलेल्या काप्या फणसाचे पातळ उभे काप फडक्यावर कोरडे करून मध्यम आचेवर तळावेत. चरचराट थांबला की झाले. आधी काढलेत तर वातड होतात. मात्र बोटं तेलकट होतात आणि कागदी पानांवर डाग पडतात. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर सादळतातच.

लांबलेल्या रात्रीसाठीही आम्ही दडपे पोहेच करू, दोन खेपांत. गरे डाव संपल्यावर, चहासोबत.