‘संस्था कुणाची?’ : माल्मोच्या सागरी विद्यापीठाचा कारभार तपासताना

साताऱ्यात काय, सांगलीत काय, कॉलेजचं नाव निघालं की फीच्या आधी एक प्रश्न येतो: ‘संस्था कुणाची?’ अध्यक्ष कोण, सेक्रेटरी कोण, प्राचार्यांना घरी कोण बसवू शकतं, पैसा कुठून येतो. एवढं कळलं की निम्मी चौकशी झाली. स्वीडनमधल्या माल्मोच्या वर्ल्ड मरिटाइम युनिव्हर्सिटीलाही हीच फूटपट्टी लावावी.

आधी एक गैरसमज काढू. बारावीनंतर कॅडेट म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी व्हायचं असेल, तर या विद्यापीठाचा काही उपयोग नाही. तिथं एमएससी आणि पीएचडी होते. माल्मोतली एमएससी 14 महिन्यांची, सप्टेंबरपासून पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. सागरी कायदा, बंदर व्यवस्थापन, सुरक्षा आणि पर्यावरण प्रशासन, सागरी शिक्षण अशा शाखा आहेत. जहाज कसं चालवायचं हे तिथं शिकवत नाहीत, जहाजांवर नियम कसे चालवायचे ते शिकवतात. समुद्रावर बरीच वर्षं काढून किनाऱ्यावरच्या नोकरीकडे वळणारे कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर, बंदरातले अधिकारी, सागरी कॉलेजातले शिक्षक, यांच्यासाठी ही जागा.

आता कारभार. लंडनची इंटरनॅशनल मरिटाइम ऑर्गनायझेशन म्हणजे आयएमओ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था. तिनं 1983 मध्ये हे विद्यापीठ काढलं. तेव्हा आयएमओचे सरचिटणीस होते आपले चंद्रिका प्रसाद श्रीवास्तव, ज्यांनी आधी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी केली. विद्यापीठाचे पहिले कुलपतीही तेच. आयएमओचा सरचिटणीस हाच विद्यापीठाचा पदसिद्ध कुलपती. 1 जानेवारी 2024 पासून पनामाचे आर्सेनिओ डोमिंगेझ या खुर्चीवर आहेत. रोजचा गाडा हाकतो तो प्रेसिडेंट. 2015 पासून ते पद क्लिओपात्रा डूंबिया-हेन्री यांच्याकडे होतं. त्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून आलेल्या, खलाशांच्या हक्कांचा 2006 चा करार घडवण्यात त्यांचा मोठा हात. 2023 पासून फिलिपिन्सचे मॅक्सिमो मेहिया आहेत, ते याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. साखर कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर कुलपती म्हणजे चेअरमन आणि प्रेसिडेंट म्हणजे एमडी. वर संचालक मंडळासारखं बोर्ड ऑफ गव्हर्नर्स, आणि त्याच्या दोन बैठकांच्या मधल्या काळातल्या कामांसाठी छोटं एक्झिक्युटिव्ह बोर्ड.

या रचनेतली सगळ्यात चांगली गोष्ट अशी, की कुणाच्या घरात पदं राहू शकत नाहीत. सरचिटणिसाची मुदत चार वर्षांची. त्याला आयएमओची कौन्सिल निवडते, असेंब्ली मान्यता देते. तो गेला की कुलपती आपोआप बदलला. विद्यापीठाचा अहवाल कौन्सिलपुढे जातो. आपल्याकडे किती संस्थांचे अहवाल संस्थेबाहेरच्या कुणापुढे जातात, हे ज्यानं त्यानं मोजावं.

खोटही तिथंच आहे. बोर्डावरची माणसं कुलपतीच नेमतो आणि प्रेसिडेंटही तोच नेमतो. म्हणजे नेमणारा आणि जाब विचारणारा एकच. त्यात त्याच माणसाकडे माल्टाच्या सागरी कायदा संस्थेचं अध्यक्षपद, आणि मुख्य काम तर आयएमओचं. माल्मोकडे किती लक्ष उरणार? बोर्डात देशोदेशीची मोठी नावं असली, तरी बारीक देखरेख शेवटी एक्झिक्युटिव्ह बोर्डावरच पडते. म्हणून नावांची यादी बघून भुलू नये.

पैशाची बाजू जास्त नाजूक. हे विद्यापीठ मोठ्या प्रमाणात देणगीदारांवर चालतं. यजमान स्वीडनचा वाटा मोठा. माल्मो शहरानं जुन्या बंदर कार्यालयाची ‘टॉर्नहूसेट’ ही इमारत वाढवून दिली, 2015 पासून वर्ग तिथं भरतात. जपानच्या ससाकावा फेलोशिपवर कितीतरी विद्यार्थी शिकून गेले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांचा मुष्टीफंड, म्हणजे घरोघरचं मूठमूठ धान्य, आठवावा, फक्त इथं मूठ सरकारांची आणि प्रतिष्ठानांची. मूठ आखडली की त्या वर्षी जागा आहे, गुणवत्ता आहे, पण फेलोशिप नाही, असं होऊ शकतं. तेव्हा प्रवेश मिळणं आणि पैसे मिळणं ही दोन वेगळी कामं धरून चालावं. देणगीदार आपले निकष लावतात आणि नोकरी देणाऱ्या खात्याची शिफारस वजनदार ठरते. सरकारी खात्यातल्या माणसाला हा रस्ता खासगी कंपनीतल्यापेक्षा सोपा.

कागदपत्रांत इकडची माणसं हमखास अडकतात ती नावावर. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदणी पुस्तकावर, एखादं अक्षर तिसरंच. अर्ज भरायच्या आधी तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवण्यापेक्षा मूळ कागद दुरुस्त करणं बरं, कारण पुढं व्हिसाला तोच घोळ परत येतो. पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल, तर ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, हातात चांगले दोन-तीन महिने ठेवावेत.

पाचपैकी गुण द्यायचे तर कारभाराला साडेतीन, पैशाच्या भरवशाला अडीच. फूटपट्टी आपल्याकडच्या सरासरीची लावली असती, तर कारभाराला साडेचार पडले असते.

अशा मोठ्या नावांचा वापर एसटी स्टँडजवळ मर्चंट नेव्हीच्या क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर कसा होतो, तेही ओघानं बघावं. ‘आंतरराष्ट्रीय’ सोनेरी अक्षरांत, खाली बारीक ‘संलग्न’, आणि कुणाशी ते लिहिलेलंच नाही. कॅडेटच्या कोर्सला मान्यता देतं मुंबईचं नौवहन महासंचालनालय. मान्य संस्थेला एमटीआय नंबर, म्हणजे सागरी प्रशिक्षण संस्थेचा नोंदणी क्रमांक, असतो, मान्यता कोर्सवार आणि जागांच्या आकड्यासह असते, तपासणीनंतरची श्रेणीही मिळते. हे सगळं महासंचालनालयाच्या साइटवर दिसतं. डेक आणि इंजिनच्या पदवीला इंडियन मरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यावीच लागते. आणि जहाजावर माणसं पाठवणाऱ्या आरपीएसएल लायसनवाल्या (म्हणजे खलाशी भरतीचा परवाना असलेल्या) कंपनीला नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घ्यायला बंदी आहे. काउंटरवर ‘प्लेसमेंट चार्ज’ सांगितला, तर लायसन नंबरासह छापील पावती मागून बघावी.