टॅरंटुलाच्या पेटीत साल टिकवायची कशी: सक्शन कप, ग्लू गन, सिलिकॉन आणि चुंबक

आमची पैठणी म्हणजे कॅरिबेना व्हर्सिकलर, मूळची मार्टिनिक बेटावरची, झाडावर राहणारी टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. पिल्लू असताना ही जात गडद निळी असते, वाढता वाढता कवच हिरवं होतं आणि पोट लालसर. मी इथे इंग्लंडात, रेडिंगला. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आई आधी किंचाळली आणि मग म्हणाली, "अगं, हिचा रंग तर माझ्या पैठणीसारखा!" नाव तिथेच पडलं.

झाडावरच्या कोळ्याला उभी साल लागते, तिच्यामागे लपायला फट आणि वरच्या बाजूला थोडी पानं. पेटी काचेची, २० × २० × ३० सेंमी, पुढून उघडणारी. गुळगुळीत काचेवर हे सगळं टिकवायला मी चार वस्तू आणल्या.

सक्शन कपांबद्दल फार लिहीत नाही. काच पुसली, कप कोमट पाण्यात बुडवून लावले, तरी आठवड्यात दोन सुटले. रात्री दोनला पट् आवाज आणि सकाळी पान मातीत पडलेलं. साल टांगायचा विचारसुद्धा करू नका. ५ पैकी १.

ग्लू गनवर मात्र मी उगीच चिडले होते. काचेला लावलेला गोंद पाणी फवारून दमट झाल्यावर पापडासारखा अख्खा निघून आला. पण दोष माझा, कारण ती काचेसाठी नाहीच. प्लॅस्टिकची पानं कॉर्कच्या सालीला लावायला तिच्यासारखी सोय नाही, मिनिटात काम होतं. गोंदाचे केसासारखे धागे तेवढे काढून टाका, आणि पानांच्या देठात तार असेल तर टोकं सालीत दडवा. ३.

सिलिकॉन, म्हणजे नळीतून येणारा रबरी गोंद, घेताना मत्स्यपेटीसाठीचंच घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक असतं, ते कोळ्याच्या घरात नको. साल कोरडी हवी, काच स्पिरिटने पुसलेली. पेटी पाठीवर आडवी ठेवून साल दाबून बसवली, वर दोन पुस्तकं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे सालीखालचा जाड थर वाळायला वेळ लागतो. घरभर व्हिनेगरचा वास होता आणि नवरा विचारत होता, लोणचं घातलंस का. मी पुरता आठवडा थांबले, वास जाईपर्यंत. आता साल हलता हलत नाही. खोड तेवढीच: जागा चुकली तर पात्याने खरवडत बसा. माझी चुकली होती, बोटभर जास्त खाली. ४.

चुंबक हा माझा लाडका. निओडिमियमच्या चकत्या, १२ मिमीच्या. एक सालीच्या मागे खोबणीत, दुसरी काचेबाहेर. हवी तिथे सरकवा. पहिल्यांदा मी सालीतली चकती उलटी चिकटवली, आणि साल काचेला चिकटायचं सोडून दूर पळायला लागली! तेव्हापासून आधी मार्करने खूण करते. ओलाव्यात वरचा निकेलचा मुलामा गेला की गंज धरतो, म्हणून आतल्या चकतीवर सिलिकॉनचा पातळ थर द्या. दोन चकत्या बोटांमध्ये आल्या तर डोळ्यांत पाणी येतं, घरात लहान मूल असेल तर हा उद्योग नकोच. अर्धा गुण त्याचा कापला: ४.५.

मोठी उभी साल सिलिकॉनवर, वरच्या फांद्या चुंबकावर, पानं ग्लू गनने, असं सध्या चाललंय. काहीही करायचं ते कोळी आत सोडण्याआधी. पैठणीने तिसऱ्याच रात्री साल, पान, चुंबक सगळ्यांवरून जाळ्याची नळी विणली, आणि आता मी फांदी सरकवायला हात लावला तर तिचं घर फाटतं. त्यामुळे सरकवता येण्याचं कौतुक तूर्तास कागदावरच.

उरलेले आठ सक्शन कप स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलेत. दिवाळीच्या दिव्यांची माळ त्यांच्यावर अजून तरी टिकून आहे.