जवळचा चेहरा, लांबचं दार: स्प्लिट डायॉप्टर घ्यावा की दुसरा मार्ग?

स्प्लिट डायॉप्टर म्हणजे जवळचं आणि लांबचं एकाच फ्रेममध्ये शार्प दाखवायला लेन्ससमोर लावायचा फिल्टर. तो कधी घ्यावा, ते एका शॉटवरून बघू. शॉट असा धरू. फ्रेमच्या डाव्या बाजूला ओट्यापाशी बाई, कॅमेऱ्यापासून ८० सेंटिमीटरवर. उजवीकडे दारात तिचा नवरा, ४ मीटरवर. फुल-फ्रेम कॅमेरा, ५० एमएम लेन्स, रात्रीची वेळ आणि घरातलाच उजेड. त्याने काहीतरी ऐकलंय, तिला ते ठाऊक नाही आणि प्रेक्षकाने दोघांचे चेहरे एकदम वाचायला हवेत. आधी तिचा, मग त्याचा असं चालणार असेल तर पुढचं काहीच लागत नाही. फोकस पुलरला (शॉट चालू असताना फोकस बदलणाऱ्या सहायकाला) दोन खुणा द्या आणि मोकळे व्हा.

एकदमच हवे असतील तर पहिला विचार मनात येतो तो अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र बंद करत न्यायचा. हिशोब केला की कळतं, ५० एमएमवर ८० सेंटिमीटर ते ४ मीटर हा सगळा पट्टा शार्प ठेवायला साधारण एफ ४० लागेल (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). बहुतेक लेन्स एफ १६ किंवा २२ ला थांबतात, आणि त्यापुढे गेलात तरी विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं. मग २४ एमएमची वाइड लेन्स लावायची? त्याच जागेवरून एफ ११ ला काम होतं, पण दोघंही निम्म्या आकाराची दिसतात. तिचा चेहरा पहिल्याइतका मोठा हवा म्हणून कॅमेरा ४० सेंटिमीटरवर नेला, तर पुन्हा एफ २२ च्या आसपास जावं लागतं, शिवाय तिचं नाक पुढे येतं आणि दारातला माणूस बाहुलीएवढा होतो. उजेडाचं दुखणं वेगळंच. एफ २.८ वरून एफ ११ वर जाणं म्हणजे सोळापट प्रकाश. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० वर चाललेला शॉट १२,८०० वर जातो, नाहीतर घरात मोठे लाइट आणावे लागतात. दिवसा, बाहेर, वाइड लेन्सवर मात्र हाच मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोकळा. नट कुठेही फिरोत, कॅमेरा कुठेही जावो. फोनवर शूट करणाऱ्यांनी तर फिल्टर शोधण्याआधी हेच तपासावं, कारण छोट्या सेन्सरमुळे मुख्य कॅमेऱ्याला मुळातच बरीच खोली, म्हणजे शार्प राहणारा अंतराचा पट्टा, मिळते.

आता स्प्लिट डायॉप्टर. अर्ध्या भागात क्लोज-अप लेन्स आणि अर्धा भाग मोकळा, बायफोकल चष्म्यासारखा. मुख्य लेन्स लांबच्या माणसावर फोकस करायची, फिल्टरचा अर्धा भाग जवळचं सांभाळतो. किती जवळचं, ते नंबर ठरवतो. लेन्स अनंतावर असेल तर +१ ने १ मीटर, +२ ने ५० सेंटिमीटर, +३ ने ३३ सेंटिमीटर. लेन्स त्याहून जवळ फोकस केली की हे अंतर आणखी कमी होतं. आपल्या शॉटमध्ये लेन्स ४ मीटरवर आहे, तेव्हा +१ लावल्यावर जवळचा फोकस बरोबर ८० सेंटिमीटरवर येतो. प्रकाश जवळजवळ वाया जात नाही, अ‍ॅपर्चर उघडंच राहतं. ऑटोफोकस मात्र बंद ठेवा. आधी लांबचा चेहरा रिंगने पक्का करा आणि मग जवळच्या नटीला दोन-चार सेंटिमीटर पुढे-मागे सरकवा. रिंग फिरवलीत तर दोन्हीकडचं बिघडतं.

याला डीप फोकस (जवळपासून लांबपर्यंत सगळंच शार्प) समजून फिल्टर विकत घेणारे नंतर नाराज होतात. हा डीप फोकस नव्हे, एकाच फ्रेममध्ये जोडलेले दोन उथळ फोकस आहेत. एफ २.८ वर जवळच्या चेहऱ्याला जेमतेम ४ सेंटिमीटर खोली मिळते. तिने मान वळवली की डोळे गेले. मधलं काहीच शार्प नसतं. ओट्यापासून दारापर्यंतची खुर्ची, टेबल, सगळं विरघळलेलं. आणि तिच्या मागची भिंत त्या अर्ध्या भागात नेहमीपेक्षा जास्त ब्लर होते, तर शेजारच्या अर्ध्या भागात तीच भिंत स्वच्छ दिसते. चलाखी उघडी पडते ती इथे. मध्ये एक धूसर पट्टा येतो, आणि त्यात दोन्ही प्रतिमा एकमेकींवर चढतात.

तो पट्टा लपवायला जागा लागते. दाराची चौकट, खांब, पडद्याची कड, अंधारी किंवा सपाट भिंत, यातलं काहीतरी या शिवणीवर, म्हणजे दोन भागांच्या जोडावर, यायला हवं. कुणी ती ओलांडायची नाही, हातसुद्धा पलीकडे न्यायचा नाही. अ‍ॅपर्चर उघडं आणि लेन्स लांब पल्ल्याची असेल तर शिवण मऊ पसरते. एफ १६ वर तीच रेघ ठसठशीत होते. म्हणजे नटाला थोडी जास्त खोली द्यावी म्हणून बंद करत गेलात की शिवण दिसू लागते. मी एफ ४ च्या आसपास थांबेन. कॅमेरा पॅन केला तर शिवण फ्रेममध्ये जागच्या जागी राहते आणि घर तिच्याखालून सरकतं, म्हणून ट्रायपॉडच बरा.

उघडी पडणारी चलाखी वाईटच असते असं नाही. ब्रायन डी पाल्माच्या १९८१ च्या ‘ब्लो आउट’मध्ये समोर घुबडाचा प्रचंड चेहरा आणि मागे आवाज टिपत उभा असलेला जॉन ट्रॅव्होल्टा, दोघंही शार्प. तिथे कुणी काही लपवत नाही. डोळ्याला ते विचित्र वाटावं हाच हेतू आहे. उलट ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’मध्ये (१९७६) रॉबर्ट रेडफर्ड फोनवर बोलतो आणि मागे न्यूजरूममधली माणसं टीव्हीभोवती जमलेली असतात. तिथे बहुतेकांना फिल्टर जाणवतही नाही. तुमची गोष्ट यातल्या कोणत्या बाजूची आहे, ते आधी ठरवा. घरगुती, शांत प्रसंगात घुबडाचा परिणाम आला तर प्रेक्षक नवऱ्याऐवजी लेन्सकडे बघेल.

टिल्ट-शिफ्ट लेन्सचा (कॅमेऱ्यावर तिरकी वळवता आणि सरकवता येणाऱ्या लेन्सचा) फार कमी जण विचार करतात, पण आपल्या शॉटसाठी ती देखणी चालते. लेन्स आडव्या दिशेने साधारण ७-८ अंश वळवली की फोकसचं प्रतल तिरकं होतं आणि डावीकडच्या जवळच्या चेहऱ्यातून उजवीकडच्या दारापर्यंत जातं. शिवण नाही, जोड नाही. नवरा त्या तिरक्या रेषेवरून चालत पुढे आला तरी शार्प राहतो, आणि डायॉप्टरला हे कधीच जमणार नाही. रेषा सोडली की मात्र कुणीही मऊ होतं. बहुतेक टिल्ट लेन्स आठ-साडेआठ अंशांना संपतात, फोकस हातानेच करावा लागतो, आणि मांडणी जमवायला वेळ जातो. शिवाय लेन्स महाग. एका शॉटसाठी भाड्यानेच आणावी.

चौथा मार्ग, दोन टेक वेगवेगळ्या फोकसवर घेऊन नंतर जोडणं. ही कल्पना जुनीच. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) छायाचित्रणकार ग्रेग टोलंडने समोरचा ग्लास-बाटली आणि मागची खोली एकाच फिल्मवर दोनदा एक्स्पोज करून टिपली. आता डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही हे जमतं. कॅमेरा हलता कामा नये, दोन टेकमध्ये उजेड बदलता कामा नये, आणि फोकस बदलताना चित्राचा आकार किंचित बदलतो तो जुळवून घ्यावा लागतो. शिवण हवी तिथे, हवी तशी वाकडी काढता येते हा मोठा फायदा. पण नवरा-बायकोचं टायमिंग वेगवेगळ्या टेकमध्ये जुळवायचं म्हणजे नटांवरच भार. संवाद एकमेकांवर आदळणारे असतील तर मी याच्या वाटेला जाणार नाही.

फोटोग्राफीत निवड लवकर होते. वस्तू स्थिर असेल, दागिने, फूल, खडक आणि मागे डोंगर, तर फोकस स्टॅकिंगपुढे (वेगवेगळ्या फोकसवरचे अनेक फोटो नंतर एकत्र करण्यापुढे) डायॉप्टर घेण्यात अर्थ नाही. लग्नात मेंदीचा हात जवळ आणि मागे हसणाऱ्या मावश्या, अशा हलत्या फोटोत स्टॅकिंग फसतं. तिथे फिल्टर कामाला येतो.

घ्यायचाच असेल तर नंबरापेक्षा आधी माउंट बघा. स्क्रूने बसणाऱ्या गोल फिल्टरची शिवण कायम मध्यावर राहते, फक्त फिरवता येते. मॅट बॉक्समधला (लेन्ससमोर बसणाऱ्या, फिल्टर धरणाऱ्या चौकटीतला) चौकोनी फिल्टर सरकवून शिवण एक-तृतीयांशावर नेता येते, आणि बहुतेक चांगल्या फ्रेमला तेच लागतं. गोल घेतलात तर मोठ्या रिझोल्यूशनवर शूट करून क्रॉपला जागा ठेवा. फोकस करताना ज्या जुन्या लेन्सचं तोंड फिरतं, तिच्यावर गोल फिल्टर लावू नका, कारण शिवणही फिरेल. पहिला फिल्टर +१ चा घ्या. +२ आणि +३ चेहऱ्यांपेक्षा हातातल्या वस्तूंसाठी जास्त उपयोगी. खर्च करण्याआधी अंदाज हवा असेल तर चष्म्याच्या दुकानातून +१ नंबरची न कापलेली काच सरळ रेषेत अर्धी कापून घ्या. नंबर मोजायचं एकक तेच आहे. ती लेन्ससमोर धरून आपल्या घरातली चौकट शिवणीवर येते का, ते बघा.