मृत्युपत्र म्हणून सही घेतली, निघालं बक्षीसपत्र

माझ्या मावशीचं राहतं घर तिच्याच मुलानं लिहून घेतलं. मारहाण नाही, दमदाटी नाही, सगळं गोड बोलून. प्रकरण चालू असल्यानं नावगाव सांगत नाही. पण हीच युक्ती दुसऱ्या घरांतही चालू शकते, म्हणून लिहिते आहे.

काका गेल्यावर फ्लॅट मावशीच्या नावावर झाला. त्यानंतर मुलानं लकडाच लावला, "आई, मृत्युपत्र करून टाक, मागून कोर्टकचेऱ्या नकोत." तिला ते पटलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं, फोटो काढला, अंगठा घेतला. दोन्ही साक्षीदार मुलाचे मित्र. दस्त कुणी वाचून दाखवला नाही, आणि तिचा चष्मा नेमका गाडीत राहिला होता. हा योगायोग होता असं मला तरी वाटत नाही.

पुढे सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल मुलाच्या नावानं आलं. सेक्रेटरीची चूक असेल म्हणून मावशी विचारायला गेली, तर त्यांनी फाइलमधला इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, काढून दाखवला. दस्ताचा प्रकार: बक्षीसपत्र.

मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं आणि हयातीत हवं तेव्हा बदलता येतं. त्याला नोंदणीची सक्ती नाही, मुद्रांक शुल्कही नाही. बक्षीसपत्राची मात्र नोंदणी झाली की मालकी गेली. नंतर मन बदललं म्हणून ते एकट्यानं मोडता येत नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. सवलत चांगल्या हेतूनं दिलेली आहे, पण लुबाडणाऱ्यालाही ती तितकीच स्वस्त पडते. तेव्हा मृत्युपत्र करतोय असं सांगून कुणी मुद्रांक शुल्क भरत असेल तर अंगठा देऊ नका. आपल्या माणसाला सोबत न्या, आणि तो माणूस ज्याला घर मिळणार आहे तो नसावा.

घर नावावर झाल्यावर वागणं बदललं. आधी मावशीची खोली गेली, मग औषधं आणायचं राहून जाऊ लागलं, मग घर बघायला दलाल येऊ लागले. आता ती माझ्याकडे राहते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे हे काम प्रांताधिकारी बघतात. मावशीनं तिथं अर्ज केला, पण आमचं घोडं अडलं ते 'अटी'पाशी. दस्तात फक्त 'नैसर्गिक प्रेमापोटी' एवढंच लिहिलंय, सांभाळाचा शब्दही नाही. मुलाचा वकील नेमका तिथंच बोट ठेवतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी अट असल्याचं दिसलं पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा असं सांगितलं, पण त्या प्रकरणात मुलानं सांभाळाचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. मावशीकडे तसला कागद नाही. त्यामुळे फसवून सही घेतल्याचा दावा दिवाणी न्यायालयातही लावलाय. त्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणून 'बघू, सुधारेल' म्हणत बसण्यात अर्थ नाही.

हयातीतच घर मुलांना द्यायचं असेल तर जरूर द्या. फक्त सांभाळाची अट आणि मरेपर्यंत तिथं राहण्याचा हक्क, दोन्ही त्याच दस्तात लिहून घ्या. घरी त्रास होत असेल आणि कुणाशी बोलावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

मध्यंतरी मुलाचा निरोप आला, अर्ज मागे घे, घरी ये, सांभाळतो. मावशीनं कळवलंय, आधी घर परत माझ्या नावावर कर, मग बोलू. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.